रांग कोणती, यापेक्षा दारं किती: ट्रॅफिक शेपिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या इंटरनेट सेवा पुरवठादाराकडचं आहे. ओळख पटू नये म्हणून ग्राहकसंख्या आणि वेगाचे आकडे थोडे गोळाबेरीज करून दिले आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. कोअर नेटवर्क सांभाळणाऱ्या तिघांत मी एक होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या खात्यावर आहेत.

ग्राहक सुमारे ४,०००. प्लॅन तीन: ५०, १०० आणि २०० एमबीपीएस. बाहेर जाणारी अपलिंक १० जीबीपीएसची. ग्राहकांपर्यंत पोचणाऱ्या ॲक्सेस लिंक १८, प्रत्येकी १ जीबीपीएसच्या. या दोन्हींच्या मधोमध ८ कोअरचा एक लिनक्स सर्व्हर. ज्याचा जितका प्लॅन तितकाच वेग त्याला मिळावा, एवढंच त्याचं काम. यालाच ट्रॅफिक शेपिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्या पेटीला शेपर.

मांडणी नेहमीचीच होती. ग्राहकांकडच्या पोर्टवर डाउनलोडसाठी एचटीबीचं (लिनक्समधली वेगमर्यादा लावणारी रचना, मर्यादांची उतरंड झाडासारखी) एक झाड, अपलिंककडच्या पोर्टवर अपलोडसाठी दुसरं. मुळाशी पोर्टचा एकूण वेग, त्याखाली प्रत्येक ॲक्सेस लिंकचा एक क्लास (स्वतःची वेगमर्यादा असलेला कप्पा), त्याखाली ग्राहकागणिक एक क्लास आणि शेवटी पानावर, म्हणजे झाडाच्या टोकाला, १,००० पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) साधी पीफिफो रांग: आधी आलेलं आधी जाईल.

हे सगळं उभं केलं तेव्हा ग्राहक ६०० होते. ज्यांनी उभं केलं ते केव्हाच नोकरी सोडून गेले होते, पण काम नीटनेटकं होतं. पॅकेट कोणाचं हे ओळखणारे यू३२ फिल्टर त्यांनी एकाखाली एक रचले नव्हते. आयपी पत्त्याच्या शेवटच्या आकड्यावरून २५६ कप्प्यांच्या हॅश टेबलात वाटून टाकले होते. ४,००० ग्राहक झाले तरी एका कप्प्यात साधारण १६ नोंदी. ही काळजी घेतली नसती तर दर पॅकेटमागे सरासरी २,००० तुलना कराव्या लागल्या असत्या आणि मला हे प्रकरण खूप आधीच लिहावं लागलं असतं.

अडचण

रोज संध्याकाळी एकूण ट्रॅफिकचा आलेख चढत जायचा आणि ४.२ जीबीपीएसला पोचला की तीन तास पठारासारखा सपाट राहायचा. अपलिंक निम्मीसुद्धा भरलेली नसायची. पहिले काही आठवडे आम्ही या पठाराचा अर्थ ‘लोकांची मागणीच तेवढी आहे’ असा लावला. खरं तर हजारो माणसांची मागणी कधी रेघ मारल्यासारखी सपाट नसते. आलेख सपाट दिसला की कुठेतरी काहीतरी अडलंय असं समजावं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट दिसेनाशी होते तसं झालं.

तक्रारी मात्र वाढत होत्या. तक्रार कक्ष सांभाळणाऱ्या मॅडम एक दिवस वहीच घेऊन आल्या. “सर, २०० वाले फारसे फोन करत नाहीत. ५० वाल्यांचेच कॉल तुटतात. आणि त्यांना स्पीड टेस्ट करायला सांगितली की आकडा बरोबर येतो. मग मी सांगू काय त्यांना?”

त्या वहीत अर्धं निदान होतं. १,००० पॅकेटांची रांग म्हणजे १,५०० बाइटच्या हिशेबाने १५ लाख बाइट, म्हणजे १.२ कोटी बिट. ती पूर्ण भरली तर २०० एमबीपीएसच्या ग्राहकाला शेवटच्या पॅकेटसाठी ६० मिलिसेकंद थांबावं लागतं, ५० वाल्याला २४०. घरात कोणी मोठी फाइल उतरवायला घेतली की टीसीपी (पॅकेट हरवेपर्यंत आपला वेग वाढवत नेणारी इंटरनेटची पाठवण्याची पद्धत) ती रांग काठोकाठ भरून टाकतो आणि त्याच घरातला व्हिडिओ कॉल त्या फाइलीच्या मागे रांगेत उभा राहतो. स्पीड टेस्ट वेग मोजते आणि वेग तर पूर्ण मिळतच असतो. या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केलं. नाव जुनं, उपायही उपलब्ध, आणि आमच्याकडे मात्र तीच पीफिफो.

आमची मोठी चूक ही झाली की सपाट आलेख आणि तुटणारे कॉल ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत असं आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात ती दोन वेगळी दुखणी होती, आणि त्यांच्या आड लपलेलं तिसरंही एक होतं.

पहिला निर्णय, जो चुकला

सर्व्हरचे सगळे कोअर संध्याकाळी ७० ते ९० टक्के व्यग्र दिसत. त्यावरून ‘कोअर कमी पडतात’ असा सरळ निष्कर्ष निघाला आणि ३२ कोअरचा नवा सर्व्हर आला. त्याचा प्रत्येक कोअर जुन्यापेक्षा कमी घड्याळगतीचा होता, पण संख्या चौपट. आम्ही खुशीत होतो.

नव्या सर्व्हरवर पठार ३.६ जीबीपीएसला आलं. आधीपेक्षाही खाली. दोन रात्री सेटिंगशी झटापट करून तिसऱ्या दिवशी पहाटे जुना सर्व्हर परत जोडला.

आता कुठे आम्ही ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. गर्दीच्या वेळी ‘परफ टॉप’ चालवून कोअर नेमके कशात गुंतलेत ते पाहिलं. यादीत सगळ्यात वर, बाकी सगळ्यांना मागे टाकून, कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) एक फंक्शन होतं: स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकाच कोअरला आत सोडणारं कुलूप, मोकळं होण्याची वाट पाहणारं. म्हणजे ९० टक्के व्यग्र दिसणारे कोअर बहुतांश वेळ काम करत नव्हते, दारात ताटकळत होते.

कारण एचटीबीच्या रचनेतच आहे. झाडाला फांद्या कितीही असोत, मुळाला लॉक एकच. पॅकेट आत ठेवायचं असो की बाहेर काढायचं, ते लॉक हातात असावंच लागतं. नेटवर्क कार्ड येणारी पॅकेटं आठ कोअरवर वाटून देतं, आठही कोअर आपापलं काम समांतर करतात, आणि पॅकेट पोर्टवर पाठवायची वेळ आली की आठही जण एकाच दारासमोर येतात. वर पॅकेट कोणत्या क्लासचं हे ठरवणारा फिल्टरही ते लॉक धरूनच चालतो. ४.२ जीबीपीएस आणि सरासरी ९०० बाइटचं पॅकेट धरलं तर सेकंदाला सुमारे ५,८३,००० पॅकेटं होतात. म्हणजे दारातून जायला प्रत्येकाला जेमतेम १.७ मायक्रोसेकंद. अशा दारासमोर आठाच्या जागी बत्तीस जण उभे केले तर काम वाढत नाही, रेटारेटी वाढते. आणि दारातून आत गेलेल्याची चाल त्याच्या एकट्याच्या घड्याळगतीवर ठरते, जी नव्या सर्व्हरवर कमी होती.

तपासलेले पर्याय

यानंतर जवळजवळ महिनाभर आम्ही पर्याय चाचपले. त्यांतला बराच काळ ‘कोणती रांग सर्वात चांगली’ या वादात गेला. वाद रंजक होता, पण बहुतेक पर्यायांनी दारांची संख्या बदलत नव्हती हे लक्षात यायला वेळ लागला.

पानावरची रांग बदलण्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पीफिफो काढून एफक्यू-कोडेल. ही लिनक्समध्ये २०१२ पासून, आवृत्ती ३.५ पासून आहे आणि २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली. ती ग्राहकाच्या एकाच रांगेचे मूळ सेटिंगनुसार १,०२४ उपरांगा करते, त्यामुळे कॉलची पॅकेटं फाइलीच्या मागे अडकत नाहीत. शिवाय रांगेत किती पॅकेटं आहेत हे न मोजता पॅकेट किती वेळ थांबलं हे मोजते. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं १०० मिलिसेकंद सलग चालू राहिलं की पॅकेटं टाकायला लागते आणि टीसीपीला हळू व्हायचा इशारा मिळतो.

केक या दुसऱ्या रांगेचं आकर्षण मोठं होतं. २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून ती मुख्य प्रवाहात आहे. शेपर, उपरांगा, घरातल्या प्रत्येक यंत्राला समान वाटा, सगळं एकाच जागी. एका घराच्या राउटरवर मी डोळे झाकून केकच लावेन. इथे ४,००० ग्राहक आणि दोन दिशा मिळून ८,००० रांगा चालवायच्या होत्या. केक दर पॅकेटमागे जास्त सीपीयू खाते, आणि घरातल्या यंत्रांमध्ये समान वाटणी हे तिचं खास कौशल्य आमच्या जागेवरून वापरता येत नव्हतं, कारण ग्राहकाच्या राउटरने घरातले सगळे पत्ते आधीच एकामागे लपवलेले असतात.

एचटीबीऐवजी एचएफएससी ही तशाच कामाची दुसरी रचना घ्यावी असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. विलंब आणि वेग वेगवेगळे ठरवता येतात, गणित देखणं आहे. पण मुळाचं लॉक तिथेही एकच.

शेपिंग सोडून नुसतं पोलिसिंग करावं, म्हणजे मर्यादेपलीकडचं पॅकेट रांगेत न ठेवता सरळ टाकून द्यावं, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. रांगच नाही, त्यामुळे विलंबही नाही. अडचण अशी की एका दमात किती डेटाचा झटका चालू द्यायचा हा आकडा कमी ठेवला तर टीसीपी पूर्ण प्लॅनपर्यंत पोचतच नाही, आणि जास्त ठेवला तर तो झटका पुढच्या स्विचच्या बफरमध्ये जाऊन बसतो. चाचणीत १०० वाल्या ग्राहकाचा वेग करवतीसारखा वरखाली होत राहिला. मॅडमच्या वहीत दुप्पट पानं भरली असती.

पाचवा पर्याय मला स्वतःला सर्वात भावला होता: झाडच नको. प्रत्येक पॅकेटवर ‘या क्षणाआधी जाऊ नको’ असा शिक्का मारायचा आणि एका कालचक्रात (वेळेनुसार कप्पे पाडलेल्या रांगेत) टाकून द्यायचं. गूगलच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये ‘कॅरोसेल’ या नावाने ही कल्पना मांडली. लिनक्समध्ये एफक्यू रांग आणि बीपीएफ (कर्नलच्या आत चालणारा छोटा) प्रोग्रॅम यांच्या जोडीने तसं करता येतं. शिक्का प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे मारू शकतो. पण ही पद्धत जिथे पॅकेट जन्मतं त्या सर्व्हरवर जास्त शोभते, कारण तिथे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला ‘थांब’ म्हणता येतं. आमच्यासारख्या मधल्या पेटीला कोणालाच थांब म्हणता येत नाही, फक्त पॅकेट टाकता येतं, आणि ते कधी टाकायचं हे शहाणपण आम्हालाच लिहावं लागलं असतं. शिवाय ग्राहक आणि त्याची ॲक्सेस लिंक अशी दोन पातळ्यांची मर्यादा त्यात सहज बसत नाही. दोन दिवस प्रयोग करून मी नाइलाजाने सोडून दिलं.

राहिला झाडाचे तुकडे करण्याचा मार्ग. कार्डाला पॅकेटं बाहेर पाठवायच्या अनेक रांगा असतात. मुळाशी एमक्यू (कार्डाच्या रांगा वेगवेगळ्या ठेवणारी रचना) लावली की त्या प्रत्येक रांगेखाली स्वतंत्र एचटीबी झाड लावता येतं, स्वतंत्र लॉकसकट. मग एका ग्राहकाची सगळी पॅकेटं कायम एकाच कोअरवर आणि एकाच झाडात गेली की झालं. कार्डाची स्वतःची वाटणी इथे उपयोगी नाही, कारण ते प्रत्येक जोडणीनुसार वाटतं; एकाच ग्राहकाच्या दहा जोडण्या दहा कोअरवर जातील. ही वाटणी पॅकेट कार्डातून वर येताक्षणी एक्सडीपी प्रोग्रॅममध्ये करायची: पत्ता बघायचा, नकाशात शोधायचा, ठरलेल्या कोअरकडे पाठवायचं. त्यासाठी लागणारा ‘सीपीयूमॅप’ ४.१५ कर्नलपासून आहे. मोठ्या नेटवर्कसाठी शेपिंग करणाऱ्या काही मुक्त प्रकल्पांत हीच युक्ती वापरलेली आहे, त्यामुळे आम्ही काही नवं शोधत नव्हतो.

निर्णय

झाडाचे तुकडे, पानावर एफक्यू-कोडेल. हे ठरवताना एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी सोडून दिली. वेगळ्या झाडांना एकमेकांची खबर नसते, त्यामुळे ‘सगळ्यांचं मिळून १० जीबीपीएसच्या वर जाऊ नये’ अशी एकत्र मर्यादा आता लावता येत नव्हती. अपलिंकवर अजून भरपूर जागा होती, म्हणून ती उणीव चालवून घेतली. ॲक्सेस लिंकची मर्यादा मात्र सोडता येणार नव्हती. मग नियम असा केला की एका ॲक्सेस लिंकवरचे सगळे ग्राहक एकाच कोअरवर. १८ लिंक आम्ही आठ कोअरवर वाटल्या. गर्दीच्या लिंकच्या जोडीला हलक्या लिंक दिल्या. ही वाटणी एका संध्याकाळच्या आकड्यांवरून न करता दोन आठवड्यांच्या उच्चांकांवरून केली, आणि तिला पुढे हात लावावा लागला नाही.

मेमरीचा हिशेब करायला बसलो ते बरं झालं. एफक्यू-कोडेलची मूळ मेमरी मर्यादा दर रांगेला ३२ एमबी आहे. घरच्या राउटरला ती ठीक. ८,००० रांगांना मिळून ती २५६ जीबी होते. सगळ्या रांगा एकाच वेळी भरणार नाहीत हे खरं, पण हल्ल्याच्या वेळी नेमकं तसंच काहीतरी होतं. आम्ही मर्यादा ४ एमबीवर आणली.

अंमलबजावणी

आधी वळणरस्ता तयार केला: राउटिंगमध्ये एक बदल केला की सगळं ट्रॅफिक शेपरला वळसा घालून जाईल. वेगमर्यादा सुटेल, पण सेवा चालू राहील. मग ३२ कोअरच्या सर्व्हरवर, नेटवर्क कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलं होतं त्याचेच आठ कोअर घेऊन, एका ॲक्सेस लिंकपासून सुरुवात केली. ८,००० क्लास एकेका आज्ञेने उभे करायचे तर बराच वेळ जातो, म्हणून टीसी या लिनक्सच्या शेपिंग-आज्ञेची बॅच पद्धत (सगळ्या आज्ञा एकगठ्ठा देण्याची) वापरली. ग्राहकाचा प्लॅन बदलला की जुनी स्क्रिप्ट मध्यरात्री आख्खं झाड पाडून नवं उभं करायची. नव्या स्क्रिप्टने फक्त तेवढा क्लास बदलायचा असं केलं.

पहिल्या रात्री सहा लिंक हलवल्या. आलेख सुंदर. एकाही कोअरवर ताण नाही, विलंब कमी, तक्रार शून्य. सकाळी कोणीतरी सहज ‘टीसी’ची आकडेवारी काढली आणि मुळाजवळचा ‘डायरेक्ट पॅकेट्स’ हा आकडा कोटींमध्ये दिसला.

एचटीबीचा हा स्वभाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पॅकेट कोणत्याही क्लासमध्ये बसलं नाही आणि डिफॉल्ट क्लास दिलेला नसला, तर एचटीबी ते अडवत नाही. कसलंही शेपिंग न करता थेट पोर्टकडे सोडून देते. आमची दोन लिंकवरची पॅकेटं चुकीच्या झाडात जात होती. तिथे त्यांचा क्लासच नव्हता, म्हणून ती मोकाट सुटली होती. ५० एमबीपीएसच्या ग्राहकांना रात्रभर त्याच्या कैक पट वेग मिळाला, आणि त्याबद्दल अर्थातच कोणी फोन केला नाही.

दोष एक्सपीएसचा होता. कोणत्या कोअरने कोणत्या पाठवणी-रांगेत पॅकेट टाकावं हे कर्नल या सोयीने परस्पर ठरवतं, आणि आमच्या प्रोग्रॅमने ठरवलेल्या रांगेपेक्षा तिचा शब्द वरचढ ठरतो. बहुतेक कोअरवर दोघांचं उत्तर एकच येत होतं म्हणून चाचणीत काही दिसलं नाही. दोन कोअरवर क्रम वेगळा होता. एक्सपीएस बंद केलं, प्रत्येक झाडाला आवळलेल्या वेगाचा डिफॉल्ट क्लास दिला आणि ‘डायरेक्ट’च्या आकड्यावर अलार्म लावला. त्याच अलार्मने आठवड्याभरात आणखी एक भोक दाखवलं: नकाशात आयपीव्ही४ चे पत्ते होते, आयपीव्ही६ च्या प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) घालायच्या राहिल्या होत्या.

तिसरं दुखणं

सगळ्या १८ लिंक हलवून झाल्या. पठार नाहीसं झालं. तरी तीन गर्दीच्या लिंकवर संध्याकाळी विलंब ८० ते ९० मिलिसेकंद राहिला. पानांवरच्या एफक्यू-कोडेल रांगा मात्र जवळपास रिकाम्या. रांगच नाही तर विलंब कसला?

इथे आम्ही पुन्हा चार दिवस घालवले. कोडेलचे आकडे बदलून पाहिले, केक लावून पाहिली, काही फरक नाही. अखेर कागद घेऊन एका लिंकची बेरीज केली. त्या लिंकवर २४० ग्राहक: १२० जण ५० चे, ९० जण १०० चे, ३० जण २०० चे. एकूण २१ जीबीपीएस. वरच्या क्लासची मर्यादा ९५० एमबीपीएस. आणि जुन्या रचनेतून जसंच्या तसं आलेलं एक गृहीत: ग्राहकाच्या क्लासचा ‘रेट’ आणि ‘सील’ दोन्ही प्लॅनइतकेच.

एचटीबीत रेट म्हणजे हमी आणि सील म्हणजे कमाल मर्यादा. क्लास जोवर आपल्या हमीच्या आत आहे तोवर तो वरच्याची परवानगी मागत नाही, पाठवतो. वरच्याची मर्यादा आड येते ती फक्त हमीपलीकडे उधार मागताना. आमच्या कोणत्याच ग्राहकाला उधार मागायची वेळच येत नव्हती, कारण हमीच प्लॅनएवढी होती. त्यामुळे ९५० चा तो आकडा नुसता शोभेला होता. लिंक भरली की पॅकेटं आमच्या पेटीतून बिनधास्त बाहेर पडत आणि पुढच्या स्विचच्या बफरमध्ये जाऊन साठत, जिथे कोडेल नाही की काही नाही. रांग होती, आमच्याकडे नव्हती इतकंच.

रेट उतरवले: ५० वाल्याला २, १०० वाल्याला ४, २०० वाल्याला ६ एमबीपीएस. बेरीज ७८०, म्हणजे ९५० च्या आत. सील प्लॅनइतकंच ठेवलं. ओघाने क्वांटमही (एका फेरीत क्लासला किती बाइट पाठवता येतील तो आकडा) स्वतः ठरवावं लागलं. ते आपण दिलं नाही तर एचटीबी रेटला १० ने भागून काढते, आणि फारच मोठं आलं तर २,००,००० बाइटवर आणून ‘क्वांटम मोठं आहे’ अशी ओळ लॉगमध्ये टाकते. आमचा लॉग वर्षानुवर्षं त्या ओळींनी भरलेला होता. आम्ही त्या गाळूनच लॉग वाचायचो. उधारीची वाटणी क्वांटमच्या प्रमाणात होते, म्हणून ३,०००, ६,००० आणि ९,००० बाइट दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग आमच्या पेटीत दिसू लागली. रांग दिसल्याचा आनंद होण्याची ती माझ्या आयुष्यातली बहुधा पहिलीच वेळ.

निकाल

संध्याकाळचा उच्चांक ६.८ जीबीपीएसवर गेला आणि आलेखाला पुन्हा डोंगरासारखा आकार आला. म्हणजे अडलेली मागणी इतकी होती. सर्वात व्यग्र कोअर ६५ टक्क्यांवर, आणि आता हे ६५ टक्के खऱ्या कामाचे होते. ‘परफ’च्या यादीत लॉकची वाट पाहणारं फंक्शन शोधावं लागतं. ५० एमबीपीएसच्या ग्राहकाकडे डाउनलोड चालू असताना पिंग २२० च्या आसपास असायचा, तो २० ते २५ मिलिसेकंदांवर आला. कॉल तुटण्याच्या तक्रारी बंद झाल्या नाहीत, पण ज्या उरल्या त्यांतल्या बहुतेक घरातल्या वायफायच्या निघाल्या.

दोन गोष्टी अर्धवट आहेत. अपलिंकची एकत्र मर्यादा अजून नाही. ट्रॅफिक ९ जीबीपीएसच्या जवळ गेलं की तो प्रश्न उभा राहील. आणि एक ॲक्सेस लिंक खुद्दच भरत आली आहे. तिथे कोणतीही रांग लावा, १ जीबीपीएसच्या तारेतून १ जीबीपीएसच जाणार. ती तार वाढवावीच लागेल.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी ‘परफ’, नंतर खरेदी. व्यग्र कोअर काम करतोय की थांबलाय हे सीपीयूच्या आलेखावरून कळत नाही, आणि आम्ही तेवढ्या एका आलेखावर सर्व्हर मागवला.

रेटची बेरीज तर यंत्रच नको होतं. कागद-पेन पुरलं असतं. प्रत्येक वरच्या क्लासखालच्या हमींची बेरीज त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त झाली तर आता आमची स्क्रिप्ट झाड उभं करायलाच नकार देते. ही दुरुस्ती जुन्या सर्व्हरवर, काहीही न हलवता, एका दुपारी करता आली असती. पीफिफो बदलणंही तसंच. ही दोन कामं आधी झाली असती तर मॅडमची वही दोन महिने आधी मिटली असती आणि लॉकचा प्रश्न आम्ही निवांतपणे सोडवला असता. त्याऐवजी सगळ्या दुरुस्त्या एका मोठ्या स्थलांतराच्या गळ्यात बांधल्या.

स्थलांतराच्या रात्री आम्ही फक्त तक्रारींकडे आणि विलंबाकडे पाहत होतो. शेपर बिघडून जास्त वेग देऊ लागला तर कोणी कळवणार नाही, त्यामुळे काही ग्राहकांचा प्रत्यक्ष वेग प्लॅनच्या वर तर नाही ना, हे आता दर तासाला आपोआप तपासलं जातं.

केक न घेण्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. एका सहकाऱ्याच्या मते कोअरवर आता जागा आहे, तर २०० वाल्यांच्या पानांवर ती लावून बघायला हरकत नाही. मला त्यातून मोठा फरक पडेलसं वाटत नाही, पण बघू.

तीन महिन्यांनी, देखभालीच्या एका रात्री, आम्ही हीच रचना जुन्या ८ कोअरच्या सर्व्हरवर चढवली आणि दुसऱ्या संध्याकाळचा सगळा भार त्याच्यावर टाकला. त्याने तो पेलला. घड्याळगती जास्त असल्यामुळे सर्वात व्यग्र कोअर ५० टक्क्यांच्या आतच राहिला. तेव्हापासून मुख्य शेपर तोच आहे. ३२ कोअरचा नवा सर्व्हर राखीव म्हणून शेजारच्या रॅकमध्ये चालू ठेवला आहे.